कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू की पाळू?

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरामागं पंधरा बाय दहा फुटांचा परस, गच्चीवर वीसेक कुंड्या. कढीपत्त्यावर अळ्या आल्या. आधी चिमणीच्या शिटेसारख्या दिसत होत्या, आता हिरव्यागार झाल्यात आणि हात लावला की डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढतात. चार दिवसांत निम्मा पाला गेला. दुकानातून औषध आणलं, पण आठ वर्षांची लेक फवारू देईना, तिला त्या पाळायच्यात. तर मारायच्या की पाळायच्या, पोरीला किड्यांचा नाद लागलाच आहे तर सुरुवात कुठून करायची, पुस्तक-भिंग काय घ्यायचं, आणि चावणारे-डसणारे कोणते, असं सगळं त्यांनी एका दमात विचारलंय.

ताई, पोरीचं ऐका. आणि हे सांगणारा माणूस बत्तीस वर्षं कृषी खात्यात होता, कोणतं औषध किती लिटर पाण्यात टाकायचं हेच गावोगाव सांगत फिरला, एवढं ध्यानात घ्या. बाटली लेकराच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.

कढीपत्ता, लिंबू, मोसंबी, बेल ही सगळी एकाच कुळातली. पान चुरगळून बघा, वासावरूनच नातं कळतं. या कुळावर आपल्याकडं मुख्यतः दोन फुलपाखरं अंडी घालतात. एक लिंबावरचं, काळ्यावर पिवळे ठिपके असलेलं. दुसरं कॉमन मॉरमॉन, काळंभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. कढीपत्त्यावर माझ्याकडं बहुतेक वेळा दुसरंच निघतं. मादी कोवळ्या शेंड्यावर बसल्यासारखं करते, पोट वाकवून मोहरीएवढं पिवळसर अंडं चिकटवते आणि लगेच पुढच्या शेंड्यावर जाते. लहान असताना अळी शिटेसारखी दिसते ते उगाच नाही, पक्ष्याला स्वतःची शीट खायची नसते. मोठी झाल्यावर मात्र एवढी मोठी शीट कोणाला पटणार? म्हणून शेवटची कात टाकली की ती पानाच्या रंगाची होते. पुढच्या बाजूला दोन डोळे दिसतात ते डोळे नव्हेत, खांद्यावरचे ठिपके. खरं डोकं खाली मुडपलेलं असतं. आणि तुम्ही म्हणता ती लाल शिंगं म्हणजे एरवी आत गुंडाळून ठेवलेला दुफाटी, ओला अवयव. मुंगळा किंवा पक्षी अंगचटीला आला की ती तो बाहेर काढते, त्याला आंबूस उग्र वास येतो. लेकीला सांगा, गवताच्या काडीनं हळूच टोचून एकदाच वास घे. एकदाच, दर वेळी छेडलं तर बिचारीची खाण्याची वेळ जाते.

आता हिशेब. कुंडीतलं झाड कंबरेएवढं असेल तर दोन-तीन अळ्या त्याला सहज पोसतात. बाकीच्या पानासकट उचलून शेजारच्या लिंबावर किंवा महादेवाच्या देवळामागच्या बेलावर सोडा. चिमटीत धरू नका, पान तोडूनच न्या. एखादी हालत नसेल तर तिला तिथंच राहू द्या, ती कात टाकायच्या तयारीत असते. पाला गेलेला कढीपत्ता पाणी मिळालं की पंधरा-वीस दिवसांत फुटतो, उलट शेंडे खुडल्यासारखा जास्त फुटतो. गुडघ्याएवढं नवं लावलेलं रोप असेल तर मात्र सगळ्या अळ्या हलवा. जालन्याच्या मोसंबीवाल्यानं हाच प्रश्न विचारला असता तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. नव्या कलमांचा शेंडा गेला तर त्याचं वर्ष जातं. परसात आपलं काय जातं? पोह्यातली चार पानं.

अळी खायची थांबली, फिरायला लागली, पोट सुटल्यासारखी पातळ शी करून मोकळी झाली, की समजा कोषाची वेळ आली. ती शेपटाकडचं टोक काडीला रेशमाच्या गादीत अडकवते आणि पाठीमागून एक धागा घेते. खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा टाकून मागं रेलतो ना, अगदी तसं. हिरव्या काडीवर कोष हिरवा आणि वाळक्या लाकडावर बहुधा तपकिरी होतो. आमच्या नातवानं एकाच घाणीच्या, म्हणजे एकाच दिवशीच्या अंड्यांतल्या दोन अळ्यांचे दोन रंगांचे कोष पाहिले आणि आठवडाभर मला छळलं की रंग तिला कोण सांगतं.

तुमच्याकडं मादी निघाली तर आणखी एक गंमत बघायला मिळेल. कॉमन मॉरमॉनच्या माद्या एका साच्याच्या नसतात. काही नरासारख्या दिसतात, काही हुबेहूब कॉमन रोझसारख्या, मागच्या पंखांवर लाल-पांढरी नक्षी असलेल्या. कॉमन रोझची अळी आपल्या काळ्या रानात बांधावर पसरणारी किडामार खाते, तिचं विष अंगात मुरवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. (नाव किडामार, आणि पोसते कोणाला बघा.) कढीपत्ता खाऊन वाढलेल्या मॉरमॉनकडं विष नसतं, नुसता वेष असतो. ओळखायचं अंगावरून: रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं. पंख रंगवले, पण अंगाचा रंग बदलायचा राहून गेला.

दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, सुरुवात कुठून करायची. किड्यांपासून करू नका, झाडापासून करा. किड्याच्या मागं लागलं की तो उडतो, फोटो हलतो, नाव सापडत नाही, आणि दोन आठवड्यांत नाद सुटतो. झाड मात्र जागेवर असतं. कोणता किडा कोणत्या झाडावर, त्यातही पानावर, फुलावर, देठावर की मुळाशी, हाच त्याचा पत्ता. पत्ता कळला की नाव कळायला वेळ लागत नाही. आणि नाव नाही कळलं तरी तो काय करतो ते तर कळतंच. मी आयुष्यभर नावं शिकलो, आणि त्यामुळंच एकदा सपशेल तोंडावर पडलो, ते सांगतो.

नोकरीला दोनच वर्षं झाली होती. परभणीकडच्या एका गावात करडईवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला होता. शेतकऱ्यानं मला झाडावर पळणाऱ्या काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीच्या पिलासारख्या अळ्या दाखवल्या आणि विचारलं, साहेब, ह्या कोणत्या? मी कीटकशास्त्र शिकून आलो होतो. पेटीत टाचणीला टोचलेला ढालकिडा शंभर वेळा पाहिला होता, लाल, गोल, गोंडस. त्याची अळी कधी पाहिलीच नव्हती. ही नवी कीड दिसते म्हणालो आणि फवारायला लावलं. मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या गेल्या, सिरफिड माशीच्या गेल्या, मावाही बराच गेला. दहा-बारा दिवसांत मावा परत आला, पहिल्यापेक्षा दाट, कारण खाणारं कोणी उरलं नव्हतं. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच तयार होत असतं. त्यांना सावरायला आठवडा पुरतो. ढालकिड्याला अंडं, अळी, कोष असा सगळा फेरा करायला तीन-चार आठवडे लागतात. त्या शेतकऱ्यानं मला कधी बोल लावला नाही. त्याला कळलंच नव्हतं ना. मला कळलं ते पुढच्या वर्षी, एका काडीवर तशीच अळी चिकटून बसलेली पाहिली, चार-पाच दिवसांनी त्याच जागी ढालकिडा बसलेला होता, तेव्हा.

म्हणून लेकीला पहिला धडा द्यायचाय तो हाच: जो दिसतो तो बाप की लेकरू, हे आधी विचार. चवळी किंवा रुईच्या शेंड्यावर मावा शोधा, अर्ध्या तासात सगळं कुटुंब भेटेल. पानाच्या मागं उभी रचलेली पिवळी अंडी ढालकिड्याची. केसासारख्या बारीक देठावर एकेक अंडं लोंबतंय असं दिसलं तर ते क्रायसोपा नावाच्या जाळीदार पंखांच्या किड्याचं. अंड्यांतून निघणारी पिल्लं एकमेकांनाच खातात म्हणून आईनं प्रत्येकाला वेगळ्या काठीवर ठेवलंय, असं मानतात. हिरवट पारदर्शक, पाय नसलेली, जळवेसारखी लोळणारी अळी सिरफिड माशीची. आणि सोन्यासारखा फुगलेला, निर्जीव मावा दिसला तर भिंगातून बघा, पाठीवर गोल भोक असेल. आतून बारीक गांधीलमाशी बाहेर पडलेली आहे. ती पूर्ण वाढते एका माव्याच्या पोटात, यावरून तिचा आकार काढा.

ढालकिडे दिसले म्हणजे सगळे आपलेच, असंही नाही. वांग्यावर एक येतो, अठ्ठावीस ठिपक्यांचा. तो पान खरवडून चाळणी करतो, त्याची अळी पिवळी, अंगभर काट्यांची. मावा खाणारा चकचकीत असतो, हा मखमली, धूळ बसल्यासारखा. नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका, तो कुठं बसलाय आणि काय खातोय ते बघा. परत तेच, पत्ता.

बसायची पद्धत सांगतो. प्लास्टिकचं स्टूल घ्या, एक झाड धरा, पंधरा मिनिटं. मोबाईल घरात. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही, डोळे अजून रस्त्यावरच्या वेगात असतात. मग मुंगळे दिसायला लागतात. मुंगळे कुठं थांबतात तिथं बघा, तिथं हमखास मावा नाहीतर पिठ्या ढेकूण असतो आणि मुंगळा त्याच्या पाठीवर मिशा आपटून गोड थेंब मागत असतो. त्या थेंबाच्या बदल्यात तो ढालकिड्याला हुसकावतो. ज्या फांदीवर मुंगळ्यांची ये-जा जास्त तिथं मावा का टिकतो, हे लेकीला सांगू नका, तिचं तिला कळू द्या.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला असेल तर पांढऱ्या कापसात थोडं उकरून बघा. त्या कापसात कधी कधी एक चपटी, पिठानं माखलेली अळी असते. ती फुलपाखराची अळी, आणि चक्क मांसाहारी. ढेकूण खाऊन वाढते. तिचा कोष वरून बघितला तर माकडाचं तोंड दिसतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि त्याच जास्वंदीला मी वर्षानुवर्षं साबणाच्या पाण्यानं धूत आलो होतो.

सकाळी नऊच्या सुमाराला टोमॅटो-वांग्याच्या फुलांपाशी बसा. पोटावर निळसर पट्टे असलेली गुबगुबीत माशी येईल, फुलाला मिठी मारेल आणि एकदम आवाज चढवेल, चावी दिलेल्या खेळण्यासारखा. वांग्या-टोमॅटोच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रं असतात, तो हलवल्याशिवाय पराग सांडत नाही. ही माशी पंखांचे स्नायू थरथरवून तो सांडते. काळा भुंगाही हे करतो. मधाची माशी, मग ती फुलोरी असो की आग्या, तिला हे जमत नाही. एवढी खटपट करणारी ही निळ्या पट्ट्यांची माशी मोहोळ करत नाही, एकटी राहते, मातीत बीळ करून. आणि तिचे नर रात्री कुठं जातात? बॅटरी घेऊन दिवेलागणीनंतर तुळशीच्या, गवताच्या वाळक्या काड्या बघा. जबड्यानं काडी चावून धरून, पाय सोडून, ओळीनं झोपलेले दिसतील. आमच्या परसात एकाच काडीला मी सात मोजले. दुसऱ्या दिवशी परत त्याच काडीला आले. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वाळक्या काड्या उपटू नका, दोन-चार राहू द्या. सासूबाई बोलतील. बोलू द्या.

गुलाबाच्या पानाला कडेनं नाण्यासारखे गोल काप पडले असतील तर ती कीड नव्हे. तीही एकटी राहणारी माशीच, पान खात नाही. काप पोटाखाली धरून नेते, बिळात त्याची वळी करून पिल्लांचं घर करते. त्या गुलाबाला फवारा मारून काही उपयोग नसतो, पण लोक मारतात.

खिडकीच्या चौकटीत, मीटरच्या पेटीत मातीचं छोटं मडकं दिसलं, वर ओठ काढलेलं, तर ते कुंभारीण नावाच्या गांधीलमाशीचं. आपल्या पैठणच्या नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर जी टीका लिहिली त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यात पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे, आणि ही कुंभारीणही आहे. कोंडलेला किडा तिच्याच ध्यासानं शेवटी तिचंच रूप घेतो, असा तो दृष्टांत. कीर्तनात शेकडो वेळा ऐकलेला. निरीक्षण अर्धं बरोबर आहे: आत जाते अळी, बाहेर येते माशी. मधलं अर्ध भिंतीआड घडतं. कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, जिवंत पण हलता न येणारी, म्हणजे कुजत नाही. मडक्याच्या छताला धाग्यानं अंडं टांगते, अळ्या भरते, तोंड लिंपते. पिल्लू त्या शिध्यावर वाढतं. जुनं, भोक पडलेलं मडकं सापडलं तर फोडून बघा, आत अळ्यांच्या डोक्याची टरफलं मिळतात. लांब नळ्यांसारखं मातीचं घर असेल तर ते दुसऱ्या जातीचं, तिच्या शिध्यात अळ्यांऐवजी कोळी भरलेले असतात. दृष्टांत मला अजूनही आवडतो, त्याचं काही बिघडत नाही.

आता माझ्या घरचं एक, ज्याच्यापायी मी दोन वर्षं घालवली. शेजारचा मोकळा प्लॉट रुईनं भरलाय. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पोरं पानं तोडायला येतात. त्यांना मी सांगून ठेवलंय, पान उलटं करून बघा, अंडं असलं तर राहू द्या. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या असतात, पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकातलं विष पोटात घेतात, म्हणून लपतही नाहीत. इकडं माझ्या परसात नळापाशी घोळ उगवते. भाजीपुरती ठेवतो. एका भाद्रपदात घोळीवर काळ्या, काटेरी, नारिंगी डोक्याच्या अळ्या आल्या. बायको म्हणाली, भाजीला भोकं. मी दोन अळ्या जाळीत ठेवल्या. निघालं काय, तर नारिंगी, काळ्या टोकाचं, प्लेन टायगरच! घोळीवर प्लेन टायगर कसं? चूक माझी असणार म्हणून पुढच्या पावसाळ्यात परत ठेवल्या. त्यातल्या एकीतून काळं फुलपाखरू निघालं, पंखांवर मोठे पांढरे डाग आणि त्यांना जांभळट झाक. मग डोक्यात उजेड पडला: हे डॅनेड एगफ्लाय. नर हा असा काळा-पांढरा आणि मादी प्लेन टायगरची नक्कल. घोळ खाऊन विष कुठून मिळणार, म्हणून रुईवाल्याचा वेष. फरक मागच्या पंखात बघायचा. प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, नकलेच्या पंखाला वरच्या कडेशी एकच. तेव्हापासून नळापाशी घोळ दुप्पट आहे, निम्मी भाजीला.

रात्रीचं एक सांगतो आणि ऋतूंकडं जातो. अमावस्येच्या आसपास, वारा नसताना, गच्चीत दोरीवर पांढरी चादर टांगा आणि मागं बल्ब लावा. तासभर पुरे, नंतर दिवा बंद करा, नाहीतर ते सगळे रात्रभर तिथंच अडकतात आणि पहाटे पाली ताव मारतात. तगरीखाली मिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या तर वर बघा: बोटाएवढी हिरवी अळी, मानेवर दोन निळे-पांढरे डोळे. खोटेच. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखा असतो. चादरीवर तो आला तर लेकीला झोपेतून उठवायला हरकत नाही.

आपल्याकडं चैत्र-वैशाखात, बेचाळीस अंशांत, फार काही मिळत नाही. तेव्हा नाउमेद होऊ नका. मातीच्या थाळीत खडे घालून पाणी ठेवा, मधमाश्या आणि माश्या तिथं येतात. खरं वर्ष मिरगात सुरू होतं. पहिल्या पावसानंतर लाल मखमलीचे मिरगाचे किडे निघतात, त्यांचे पाय मोजायला लावा. आठ निघतील, म्हणजे तो किडा नव्हे, कोळ्यांच्या भाऊबंदांतला. त्याच संध्याकाळी वाळवीला पंख फुटून दिव्यावर गर्दी होते. लोक वैतागतात, कोतवाल पक्षी तारेवर बसून दिवाळी करतो. श्रावण ते कार्तिक सुगी. भादव्यात-अश्विनात चतुरांचे थवे उंच उडताना दिसतात, त्यातली एक पिवळसर जात इथून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडं जाते असं अभ्यासक मानतात. त्याच्या शेपटीला दोरा बांधायचा खेळ आम्ही लहानपणी खेळलो. लेकीला तो शिकवू नका.

चावणारे-डसणारे. 2022च्या पावसाळ्यात घोणस अळीच्या बातम्यांनी मराठवाड्यात घबराट उडवली होती, आठवत असेल. हिरवी, चपटी, अंगावर काट्यांचे झुपके. तिच्यानं माणूस मरतो ही अफवा होती, पण आग जबरदस्त होते. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा म्हणजे काटे निघतात, मग साबणानं धुवा, बर्फ लावा. श्वास लागला, तोंड सुजलं तर थेट दवाखाना. शेवग्याच्या खोडावर दिवसा घोळक्यानं बसणारे केसाळ सुरवंट खाजवतात. त्यांना पेटवून देण्याची आपल्याकडं पद्धत आहे, त्यात खोड भाजतं, लांब काठीनं खरवडून साबणाच्या पाण्यात पाडलेलं बरं. जास्वंदीची फुलं खाणारे काळे-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे हातात धरू नका, त्यांच्या पायांच्या सांध्यांतून पिवळा रस येतो आणि फोड उठतात. (त्यांच्या अळ्या टोळांची अंडी खातात, म्हणजे तेही पुरते शत्रू नाहीत.) विटा, कुंड्या उचलताना हात घालू नका, काठीनं कलंडवा, खाली विंचू असतो. आग्या मोहोळ दिसलं तर दुरून नमस्कार. आणि एक नियम लेकीला पक्का करा: अंगावर केस किंवा काटे असलेल्या कोणत्याही अळीला हात नाही.

डासांचं कौतुक मी करणार नाही. कुलर, बॅरल, कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करा, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण तुमच्या बॅरलच्या भरवशावर चतुर राहत नाही.

पुस्तक आत्ता नको. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या, डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची. हात लांब करून धरलं तर काही दिसत नाही, सगळे तिथंच चुकतात. दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, झाडाचं नाव, झाडावर कुठं, काय करत होता. चित्र वाकडं आलं तरी चालेल, काढल्याशिवाय पाय कुठून निघतात ते डोळ्यांना दिसत नाही. नाव हवंच असेल तर फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, तिथं जाणकार ओळखून देतात. घराचं नेमकं ठिकाण झाकायची सोय आहे, ती चालू ठेवा. सकाळी उन्हाआधी किडे गारठलेले असतात, फोटो तेव्हाच घ्या.

राहिला तुमचा कोष. पाहुणे यायच्या गडबडीत तो काढून टाकू नका, आणि रोज हलवून जिवंत आहे का हेही बघू नका. साधारण दहा-पंधरा दिवस लागतात; दिवस गार असतील तर जास्त. आदल्या रात्री तो काळपट, पारदर्शक होतो आणि आतली पंखांची नक्षी दिसायला लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर स्टूल टाकून बसा, फुलपाखरू बहुधा दुपारच्या आत निघतं. निघाल्यावर तासभर ते लोंबकळून पंख भरतं, तेव्हा हात लावला तर पंख वाकडे राहतात. त्याखाली तांबूस थेंब पडेल, ते रक्त नव्हे, पोटातला साठलेला कचरा. आणि वीस दिवस झाले, कोष मंद तपकिरी झाला, बाजूला सुईनं टोचल्यासारखं गोल भोक दिसलं, तर फुलपाखरू निघणार नाही. लेक रडेल. तिला काचेच्या बरणीत तो कोष ठेवून द्या, वर पातळ कापड बांधा. एका फुलपाखराऐवजी बारीक बारीक गांधीलमाश्या त्यात आधीच निघालेल्या किंवा निघायच्या राहिलेल्या असतील. त्या किती निघतात ते मोजून वहीत लिहा, आणि मला कळवा.